मिल्का रोहेकरचा पहिला पुरीम

विमान उतरलंच नाही, तिथून सगळं सुरू झालं.

२०१३ चा ऑक्टोबर महिना. शुक्रवारची संध्याकाळ. डब्लिनवर धुकं असं बसलं होतं की हात पुढे केला तर बोटं दिसेनात. शहराच्या दक्षिणेला एका भाड्याच्या हॉलमध्ये चाळीसेक ज्यू माणसं शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या, प्रार्थनेला जमली होती आणि मँचेस्टरहून येणाऱ्या त्यांच्या रब्बींचं, म्हणजे धर्मगुरूंचं, विमान वरच्यावर दोन घिरट्या घालून परत गेलं होतं. या मंडळीला स्वतःचा रब्बी नव्हता. महिन्यातून एकदा इंग्लंडहून कुणीतरी यायचं, प्रार्थना चालवायचं आणि परत जायचं.

मंडळीची अध्यक्ष होती जोआन, साठीची, लगबगीची बाई. फोन खिशात टाकत ती म्हणाली, "तर मग, रब्बी नाहीत. कुणाला पूर्ण प्रार्थना येते?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मागच्या रांगेतून एक हात वर आला. मुलांच्या रविवारच्या वर्गाला हिब्रू अक्षरं शिकवणाऱ्या मिल्का रोहेकरचा.

मिल्का ठाण्याची. अलिबागेकडच्या बेने इस्राएलांतली, म्हणजे कोकणात शतकानुशतकं राहून मराठी झालेल्या ज्यूंतली. नवरा एझ्रा ब्लँचर्डस्टाउनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला, त्याच्यामागून ती आयर्लंडला आली आणि डब्लिनजवळच्या ल्यूकनला एका वसाहतीत दोघांनी घर घेतलं. तिचे वडील ठाण्याच्या सिनॅगॉगमध्ये हज्जान होते, म्हणजे प्रार्थना म्हणून दाखवणारे. लहानपणी ती आईबरोबर वरच्या सज्ज्यात, बायकांच्या जागी बसायची आणि खाली वडील म्हणत तो शब्द न् शब्द ओठांतल्या ओठांत म्हणायची. वीस वर्षं म्हटलेलं सगळं पाठ होतं. मोठ्याने म्हणायची वेळ तेवढी कधी आली नव्हती.

त्या संध्याकाळी ती वेळ आली. पहिल्या दोन ओळींना आवाज कापला, मग वडिलांची चाल सापडली आणि तिचं तिलाच कळलं नाही की ती कधी रंगली. कोकणातली ती चाल आयर्लंडच्या त्या हॉलमध्ये कुणी ऐकलेली नव्हती. शेवटच्या गाण्याला तर लोक टेबलावर ठेका धरून होते. फक्त पहिल्या रांगेतले लेनर्ड कॅपलन हाताची घडी घालून बसले होते. लेनर्ड म्हणजे मंडळीतले सगळ्यात जुने सभासद, वय एकोणऐंशी, आजोबा लिथुएनियातून बोटीने आलेले.

जाताना ते मिल्कापाशी थांबले. "मिसेस रोहेकर, उच्चार स्वच्छ आहेत तुमचे. चाल मात्र भलतीच आहे," असं म्हणून टोपी घालून निघून गेले.

जोआनने तिचा दंड धरला. "त्यांचं सोड. तू रब्बी का होत नाहीस?"

मिल्का हसली. पण गाडीत बसल्यावर हसू थांबलं, आणि ल्यूकन येईपर्यंत तिने एझ्राला तेच वाक्य चार वेळा सांगितलं. चौथ्यांदा एझ्रा म्हणाला, "मिल्का, तुला होय म्हणायचंय. मला कशाला विचारतेस?"

घरी पोचल्यावर तिला झोप कसली! तिने लंडनच्या रब्बी-विद्यालयाचा अर्ज शोधला आणि शब्बाथला अर्ज भरायचा नाही म्हणून तो संपायची वाट बघत शनिवारचा अख्खा दिवस घरभर येरझाऱ्या घातल्या.

वसाहतीतल्या शिरीष आणि मेधाला, म्हणजे पुण्याहून आलेल्या देशमुख जोडप्याला, ही बातमी पहिल्यांदा कळली तेव्हा शिरीषने गंभीरपणे विचारलं, "रब्बी म्हणजे गहू, हरभरा, करडई... ते ना?"

"हो, आणि मी खरीप," एझ्रा म्हणाला.

आईला सांगणं एवढं सोपं नव्हतं. सिपोराबाईंना तिने ठाण्याला फोन लावून सगळं एका दमात सांगितलं.

"आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. बायकांनी तोराची पोथी उचलायची, हे कुनी सांगितलं तुला? तुझे बाबा असते तर काय म्हणले असते?"

"बाबा असते तर चुका काढल्या असत्या."

"मग मी काढते. ही पहिली चूक," आई म्हणाली आणि फोन ठेवला. पुढच्या शुक्रवारी मात्र तिने नेहमीच्या वेळी फोन केला. रब्बी हा शब्द तिने काढला नाही, मिल्कानेही नाही.

पाच वर्षांचा अभ्यास होता. पहिली तीन वर्षं दर सोमवारी पहाटेचं विमान, लंडनमध्ये तीन दिवस वर्ग, बुधवारी संध्याकाळी परत. विमानात ती अरामी भाषेची क्रियापदं पाठ करायची, विमानतळावरच्या बाकावर तालमूदची, म्हणजे जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथाची, पानं सोडवायची. तिच्या वर्गात सहा जण होते, आणि वादविवादात ती इतकी तावातावाने बोलायची की एका गुरुजींनी विचारलं, "तुमच्याकडे सगळे असेच भांडतात का?" ती म्हणाली, "नाही, आमच्याकडे आणखी मोठ्याने." चौथ्या वर्षापासून लंडनच्या फेऱ्या कमी होतात आणि विद्यार्थ्याने एखाद्या मंडळीचं काम प्रत्यक्ष बघायचं असतं. मिल्काने आपलीच मंडळी मागितली आणि जोआनने हो म्हटलं. लेनर्ड म्हणाले, "विद्यार्थी म्हणून ठीक आहे."

तर २०१८ चा पुरीम हा मिल्काने पूर्णपणे एकटीने चालवायचा पहिला सण होता.

पुरीम म्हणजे एस्तेर राणीचा सण. इराणच्या दरबारात हामान नावाच्या प्रधानाने सगळ्या ज्यूंना मारायचा हुकूम काढला आणि ज्यू असल्याचं लपवून राहिलेल्या एस्तेर राणीने जिवावर उदार होऊन राजासमोर तोंड उघडलं, ती गोष्ट. संध्याकाळी ती कातड्याच्या गुंडाळीवरून मोठ्याने वाचायची, आणि हामानचं नाव आलं रे आलं की सगळ्यांनी असा गोंगाट करायचा की ते नाव ऐकूच येऊ नये. मुलं वेश बदलून येतात. मोठी माणसंही त्या दिवशी मुलं होतात. कोकणातले बेने इस्राएल या सणाला पूर्वापार होळीचा सणच म्हणत आलेत, आणि घरोघर पुरणपोळी होते.

मिल्काने दोन महिने तयारी केली होती. चाळीस खुळखुळे, कागदी मुकुट, मुलांचं नाटुकलं. आईसुद्धा ठाण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. "तुझं ते वाचन ऐकायला नाय आले हां मी. नातवंडं नाय तर नाय, लेकीचं घर तरी बघते," असं तिने विमानतळावरच बजावलं होतं.

आणि नेमक्या त्या आठवड्यात सैबेरियाकडून वारं सुटलं. सोमवारपासून टीव्हीवर दुसरी बातमी नव्हती. मंगळवारी दुकानांतला पाव संपला. एकूण एक दुकानातला! माणसं रिकाम्या फळ्यांचे फोटो काढत होती. बुधवारी सकाळी मिल्काने पडदा सारला तर समोरच्या गाड्यांच्या जागी पांढरे उंचवटे. शाळा बंद, बस बंद, लाल इशारा.

अकरा वाजता जोआनचा फोन आला. "हॉलवाल्यांनी कुलूप लावलंय. आज कुणी बाहेर पडायचं नाही. पुरीम रद्द, मिल्का. वाईट वाटतंय गं."

मिल्काने फोन ठेवला आणि ती खिडकीशी उभी राहिली. एझ्रा घरूनच काम करत होता. कानाला हेडफोन लावून तो ऑफिसातल्या वीस माणसांशी एकाच वेळी बोलत होता. मिल्का त्याच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचे डोळे मोठे झाले.

"एझ्रा! हे वीस जण कुठून बोलतायत?"

"कोण कुठून. पुण्याहून, कॉर्कहून..."

"साध्या फोनवरूनही येता येतं? घरातल्या जुन्या, तारेच्या फोनवरून?"

"एक नंबर फिरवला की झालं." मग त्याच्याही लक्षात आलं. त्याने हेडफोन काढला. "किती माणसं धरू?"

"वीस. नाही, तीस!"

एझ्राने कंपनीच्या साहेबाला विचारून संध्याकाळी दोन तासांसाठी लाइन मिळवली. जोआनने मंडळीच्या वेबसाइटवर नंबर टाकला आणि मग जेवायलाही न बसता एकेका म्हाताऱ्याला फोन करत सुटली. "घरात पातेलं आहे ना? आणि डाव? साडेसहाला दोन्ही घेऊन फोनपाशी बसा!"

इकडे स्वयंपाकघरात आईने पुरण शिजायला टाकलं होतं. दुपारी मेधाचा फोन आला. "मिल्काताई, उद्या आमची होळी. पुरणासाठी डाळ शिजवून बसलेय आणि घरात कणीक नाही. तुझ्याकडे आहे का?"

"आहे. तूच ये घ्यायला, आणि मुलांना घेऊन ये. शिरीषलाही आण. येताना एक लाटणं आणि थाळ्या."

"थाळ्या कशाला?"

"बडवायला!"

सहा वाजता देशमुख मंडळी गुडघाभर बर्फातून चार घरं ओलांडून आली. दहा वर्षांची तन्वी राणीच्या वेशात होती, म्हणजे आईची पैठणी कोटावरून गुंडाळून. तिच्यामागून आणखी दोन घरांतली मुलं आली. एकाने अंगाला नुसती पांढरी चादर लपेटली होती. "आय'म द स्नो," तो म्हणाला. मिल्काची आई प्रत्येकाच्या हातावर गरम पोळीचा तुकडा ठेवत बडबडत होती, "पाव नाय गावात म्हणे. पाव हवाय कुनाला!"

साडेसहा वाजले. एझ्राने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला, माइक लावला. मिल्का पुस्तक उघडून बसली. किती येतील? दहा तरी?

टिंग. टिंग. एकेकजण लाइनवर येऊ लागला. बारा. एकोणीस. एझ्रा आकडे सांगत होता. एकतीस. चव्वेचाळीस. "मिल्का, साठाच्या वर गेले!" तो ओरडला आणि मेधाने उगाचच टाळ्या वाजवल्या.

"नमस्कार," लाइनवरून एक अनोळखी आवाज आला. "मी गाब्रिएला. केरीतल्या ट्रलीहून. तिथल्या हॉस्पिटलमध्ये सुईण आहे. मी तुमची सभासद नाही. मी मूळची अर्जेंटिनाची. पंधरा वर्षं झाली, पुरीम ऐकला नाही. इथे आमच्यापैकी कुणी नाही. मी थांबले तर चालेल का?"

मिल्का माइकपाशी सरकली. "थांबा," ती म्हणाली. "पातेलं आहे का जवळ?"

"दोन आहेत!"

तेवढ्यात खोकल्याचा आवाज आला आणि लेनर्ड कॅपलन बोलू लागले. "मिसेस रोहेकर. वाचन गुंडाळीवरून व्हायला हवं. तुमच्यासमोर काय आहे?"

मिल्काला सबब सांगता आली असती. तिने सांगितली नाही. "छापील पुस्तक. गुंडाळी हॉलच्या कपाटात कुलपात आहे. नियमाने हे पुरेसं नाही, तुमचं बरोबर आहे, मिस्टर कॅपलन. पण लोकांनी आज काहीच ऐकू नये, हे मला पटत नाही."

"माझ्याकडे एक गुंडाळी आहे," लेनर्ड म्हणाले. "आजोबांची. वीस वर्षांत उघडली नाही."

मिल्का पुढे झुकली. "मग आज उघडा. मी वाचते, तुम्ही गुंडाळीवर बोट ठेवून माझ्याबरोबर चला. चुकले तर तिथेच थांबवा. कराल एवढं?"

बराच वेळ कागदासारखं काही सरसरल्याचा आवाज येत राहिला. मग लेनर्ड म्हणाले, "सुरू करा."

आणि मिल्काने सुरू केलं. हिब्रूत एक भाग, मग त्याचा अर्थ इंग्रजीत, आणि समोर बसलेल्या मुलांसाठी मधूनच मराठीत. लेनर्डनी पहिल्या अध्यायात तिला दोनदा थांबवलं, दुसऱ्यात एकदा, नंतर नाही. तिसऱ्या अध्यायात हामानचं नाव पहिल्यांदा आलं आणि जो काही कल्लोळ उठला! ल्यूकनमध्ये थाळ्या, लाटणी, डबे. फोनमधून साठ घरांतली पातेली, शिट्ट्या, कुणाचं तरी भुंकणारं कुत्रं, कुणी तरी चक्क अ‍ॅकॉर्डियन वाजवत होतं. शिरीष एवढा रंगला की पुढच्या वेळी त्याने हामानची वाटही पाहिली नाही, मधल्याच एका नावाला थाळी बडवली.

"बाबा! दॅट वॉज द किंग!" तन्वी ओरडली.

गोष्ट चढत गेली. एस्तेर राणीने राजाला आणि हामानला मेजवानीला बोलावलं. तिने राजाला सांगितलं, माझा आणि माझ्या माणसांचा जीव कुणीतरी घेऊ बघतोय. राजा ताडकन उठला. कोण तो? कुठे आहे तो? मिल्काने राजाचा आवाज काढून तो प्रश्न विचारला, मुलांनी थाळ्या वर उचलल्या...

आणि दिवे गेले.

फ्रिजची घरघर थांबली, राउटरचा हिरवा ठिपका विझला. "लाइन गेली," एझ्रा अंधारात म्हणाला. "आपली गेली. बाकीच्यांची चालू असेल, ती ऑफिसवरून आहे. मोबाइलवरून लावतो." त्याने नंबर फिरवला. लागला नाही. पुन्हा फिरवला. सगळ्या ल्यूकनने त्याच क्षणी फोन उचलला असावा.

साठ घरं कानाला फोन लावून बसली असतील आणि इथून नुसती शांतता. दोन महिने केलेलं सगळं त्या एका प्रश्नाशी येऊन लटकलं होतं.

"बट हू वॉज इट?" चादरवाल्या मुलाने अंधारात विचारलं.

कुणी काही बोलायच्या आत आईचा आवाज आला. "अरे, कोन म्हणजे? तिथंच बसला होता मेला, पोळ्या खात! एस्तेर राणीने असं बोट केलं न् म्हणाली, हाच तो दुष्ट, हाच हामान!"

अंधारात थाळ्यांचा असा पाऊस पडला की मेधाने कान झाकले. आई थांबली नाही. तिच्या सासरी जुन्या काळी बायका मराठी कीर्तनं करत, तशा ठसक्यात ती पुढे सांगत गेली, मुलं ऐकत गेली, आणि मिल्का आपल्या आईच्या आवाजाच्या दिशेने बघत राहिली. दिसत काहीच नव्हतं.

"लागला!" एझ्राने मोबाइल स्पीकरवर टाकून तिच्या हातात दिला.

ती बोलायला गेली आणि थबकली. लाइनवर कुणीतरी वाचत होतं. म्हातारा, जरा घोगरा, पण न अडखळणारा आवाज. लेनर्ड! तिचा आवाज तुटला तेव्हा त्यांचं बोट गुंडाळीवर त्याच ओळीवर होतं. त्यांनी तिथूनच पुढे उचललं होतं, लिथुएनियाच्या त्या जुन्या चालीत, आणि साठ घरांत कुणाचीही गोष्ट तुटली नव्हती.

"सांग ना त्यांना, आपण आलो म्हणून," एझ्रा कुजबुजला.

मिल्काने मान हलवली. नको. तिने फोन टेबलावर ठेवला, स्वतः मुलांच्यात जमिनीवर बसली आणि शिरीषच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. हामानचं नाव आलं तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता.

आठवा अध्याय संपला. लेनर्ड खोकले. "मिसेस रोहेकर, मघापासून तुमच्याकडची मुलं ऐकू येतायत मला. माझा घसा बसलाय. राहिलेलं तुम्ही वाचा."

मेणबत्तीच्या उजेडात तिने राहिलेलं वाचलं. वाचन संपलं तरी कुणी फोन ठेवीना. लाइनवरच्या अनोळखी माणसांत गॉलवेचे एक निवृत्त प्राध्यापक निघाले, कॉर्कची एक विद्यार्थिनी निघाली, दोन लहान मुलांची एक आई निघाली जी म्हणाली की हॉलपर्यंतच्या तीन तासांच्या प्रवासात मुलं रडतात म्हणून मी येणं सोडलं होतं. जोआन नावं लिहून घेत होती. मंडळीच्या सभासद-यादीत चौऱ्याऐंशी माणसं होती. लाइनवर आलेल्यांपैकी तेवीस जण यादीत नव्हतेच.

"आम्हाला वाटायचं आपण संपत चाललोय," जोआन म्हणाली. "आपण नुसते लांब लांब राहतोय!"

बर्फ वितळलं आणि मिल्का कामाला लागली. दर महिन्याला फोनवरची प्रार्थना, दर मंगळवारी हॉलमध्ये मोठ्यांचा धर्मग्रंथ-वर्ग. ज्यांना जमतं त्यांच्यासाठी संगणकाच्या पडद्यावर मुलांचा हिब्रू वर्ग. एप्रिलमध्ये ती गाडी काढून थेट ट्रलीला गेली आणि गाब्रिएलाच्या बैठकीच्या खोलीत शब्बाथचे दिवे लावले. सहा जण येतील म्हणून निघाली होती, अकरा आले. परतीच्या वाटेवर ती एकटीच मोठमोठ्याने गात होती. टोलनाक्यावरच्या माणसाने काच खाली करायला सांगून विचारलं, "मॅडम, सगळं ठीक ना?" "एकदम ग्रँड!" ती म्हणाली.

जूनमध्ये मंडळीची सभा भरली. प्रश्न एकच: पुढच्या वर्षी मिल्काची दीक्षा झाली की तिला मंडळीची रब्बी नेमायचं का? स्वतःचा, इथेच राहणारा रब्बी या मंडळीला बऱ्याच वर्षांत नव्हता. मिल्का बाहेर पोर्चमध्ये फेऱ्या घालत होती. पाऊण तासाने दार उघडलं आणि जोआनने तिला मिठीच मारली. सत्तावन्न विरुद्ध चार!

लेनर्ड काठी टेकत बाहेर आले. "त्या चारांतला एक मी," ते म्हणाले. "तुमच्यापासून लपवावं असं वाटलं नाही."

मिल्काला ते लागलं. तिने लपवलं नाही. "मला वाटलं होतं, त्या रात्रीनंतर..."

"त्या रात्री तुम्ही चांगलं केलंत. फोन परत लागल्यावरही गप्प राहिलात, तेही मला कळलं. पण मला माझ्या आजोबांसारखा रब्बी हवा होता, मिसेस रोहेकर. दाढीवाला, यिडिश बोलणारा. तो आता मिळायचा नाही, हे मला समजतं. पण मत खोटं कसं देऊ?" त्यांनी टोपी घातली. "मंगळवारी तुमचा वर्ग सातला की साडेसातला?"

"साडेसातला."

"येईन."

आणि ते आले. त्या मंगळवारी आले आणि पुढच्याही आले, पहिल्या रांगेत बसून दर पाच मिनिटांनी हरकत घेत राहिले. मिल्का आता त्यांच्यासाठी जास्त तयारी करून जायची.

दीक्षा २०१९ च्या जुलैमध्ये लंडनला झाली. आई ठाण्याहून पुन्हा आली, या वेळी कसलीही अट न घालता, जरीच्या काठाची हिरवी साडी नेसून. त्या मोठ्या सिनॅगॉगच्या दारात उभी राहून तिने वर बघितलं, चहूकडे बघितलं.

"जिना कुठाय गो?"

"कसला जिना, आई?"

"वर जायला. बायकांना."

"इथे सगळे खालीच बसतात. तुझी जागा पहिल्या रांगेत आहे."

आई पहिल्या रांगेत बसली, पण बराच वेळ खुर्चीच्या टोकाला, कुणी उठवेल की काय अशी. गुरुजींनी मिल्काच्या डोक्यावर हात ठेवले, आशीर्वाद दिला आणि तिचं नाव पुकारलं. हिब्रूत नावापुढे वडिलांचं आणि आईचंही नाव लागतं तिथे. "मिल्का, योसेफ आणि सिपोरा यांची मुलगी." आपलं नाव त्या घुमटात घुमलेलं ऐकून आईने पदर तोंडाला लावला. नंतर चहाच्या वेळी ती मिल्कापाशी आली.

"मधल्या प्रार्थनेत एक शब्द खाल्लास," ती म्हणाली. "बाबांनी पकडला असता."

"तू पकडलास ना."

"मला सगळं पाठ आहे," आई म्हणाली. "वरती बसून मीही तेच करायचे." आणि एवढ्या वर्षांत मिल्काला हे पहिल्यांदाच कळलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ज्यूंचं नवं वर्ष आलं, कोकणातल्या बेने इस्राएलांचा नव्याचा सण. डब्लिनच्या हॉलमध्ये मिल्काची रब्बी म्हणून पहिली मोठी प्रार्थना. जोआनने नव्वद खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्या सहा वाजताच भरल्या. कॉर्कची मुलगी मैत्रिणींना घेऊन आली, गॉलवेचे प्राध्यापक आले. एक छोटी बस दाराशी थांबली आणि तिच्यातून गाब्रिएलाच्या मागोमाग केरीची नऊ माणसं उतरली, चार तास प्रवास करून, चुरगळलेल्या कपड्यांत, हसत. खुर्च्या नाहीत! एझ्रा आणि शिरीष शेजारच्या चर्चकडे धावले. तिथल्या फादरनी किल्लीच हातात दिली. "हव्या तेवढ्या न्या. आमच्याकडे रविवारी एवढी गर्दी कुठे होते?"

मिल्का आतल्या छोट्या खोलीत पांढरा अंगरखा घालून उभी होती. दारातून लाकडी खुर्च्यांचा खडखडाट, मुलांची पळापळ, चार भाषांतली बडबड ऐकू येत होती. एझ्रा घामाघूम होऊन आत डोकावला.

"किती झाल्या?" तिने विचारलं.

"एकशे अठ्ठावीस. आणि दारात अजून माणसं आहेत."

"मग त्यांना बसू दे आधी."

तिने त्यांना बसू दिलं. मग ती बाहेर आली, मंचावर चढली आणि तिला पाहून सगळा हॉल एकदम उभा राहिला. लेनर्ड सगळ्यांत शेवटी उठले, काठीवर भार देऊन, पण उठले. मिल्काने पुस्तक उघडलं, एक श्वास घेतला, आणि वडिलांच्या चालीत पहिली ओळ म्हटली.